फायबर बोटीचा कुजलेला ट्रान्सम घरच्या घरी बदलणे

बोटीची मागची भिंत म्हणजे ट्रान्सम. आउटबोर्ड इंजिन तिथेच टांगलेलं असतं. बहुतेक लहान फायबर बोटींत ही भिंत नुसत्या फायबरची नसते. बाहेर फायबरचा थर, आत फायबरचा थर आणि मध्ये प्लायवूड अशी तिची बांधणी असते. फायबर कुजत नाही, लाकूड कुजतं, आणि दोन थरांत झाकलेलं असल्यामुळे ते कुजल्याचं बाहेरून कळत नाही.

बडोद्यात बोट बाळगणारे मोजके आहेत: मही नदीकाठी शेत किंवा फार्महाउस असलेले, तलावांवर मासेमारी करणारे, आणि विश्वामित्रीच्या काठी राहणारे, ज्यांनी पुरासाठी म्हणून बोट घेऊन ठेवली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये नदीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा अशा बोटीचं मोल शहराला कळलं. पण पुरासाठी ठेवलेली बोट बाकीचं वर्ष अंगणात उघड्यावर असते. पाणी काढायच्या नळीचं बूच आतच राहतं, पावसाचं पाणी साचतं, आणि पुढच्या पुराला इंजिन लावायची वेळ येते तेव्हा ट्रान्सम आतून पोकळ झालेला असतो. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला खारं पाणी मानवत नाही, गोडं पाणी मानवतं. म्हणून समुद्रावरच्या बोटीपेक्षा आपल्याकडच्या बोटीचा ट्रान्सम जास्त जपावा लागतो.

हे मार्गदर्शन स्वतःच्या वापराच्या १२ ते १६ फुटी बोटीसाठी आहे. भाड्याने किंवा सहलीसाठी माणसं नेणाऱ्या बोटीचा ट्रान्सम घरी बदलू नये. ते काम परवानाधारक कारखान्यात आणि सर्वेक्षकाच्या तपासणीखालीच व्हायला हवं. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. त्यानंतर या शहरात कुणीही बोटीच्या बाबतीत "चालेल" हा शब्द वापरू नये.

लाकूड कशामुळे कुजतं

लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशी वाढत नाही. तो २८-३० टक्क्यांवर गेला आणि तिथेच राहिला, की कुजणं सुरू होतं. म्हणजे प्रश्न असतो तो पाणी आत शिरतं कुठून आणि बाहेर का पडत नाही, एवढाच. ते जवळपास नेहमी भोकांतून शिरतं. इंजिनाच्या बोल्टची भोकं, तळाशी पाणी काढायची नळी, शिडीचे किंवा दोर बांधायच्या कड्यांचे स्क्रू, ट्रान्समच्या वरच्या कडेला नुसती ठोकून बसवलेली अॅल्युमिनियमची पट्टी. भोक पाडताना लाकडाची कड उघडी पडते, त्यावर थोडं सिलिकॉन फासलं जातं आणि विषय संपतो. काही वर्षांत सिलिकॉन सुटतं. पाणी प्लायच्या थरांच्या कडेतून आत शोषलं जातं, पण दोन्ही बाजूंना फायबर असल्यामुळे बाहेर निघायला त्याला वाट नसते.

नवा प्लाय बसवणं हे या कामातलं सोपं अंग आहे. भोकं नीट बंद केली नाहीत तर नवा प्लायही त्याच वाटेने जाईल.

तपासणी

प्लॅस्टिकची हातोडी किंवा स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन संपूर्ण ट्रान्सम आतून आणि बाहेरून ठोकत जा. चांगल्या जागी आवाज टणक आणि तीक्ष्ण येतो, कुजलेल्या जागी बद्द. बदललेल्या आवाजाची हद्द पेन्सिलीने आखून ठेवा. मग इंजिन लावलेलं असताना त्याचा खालचा पाय धरून वर उचला आणि सोडा. ट्रान्सम किंचितही हलताना दिसला, किंवा त्याच्या कोपऱ्यांत जेलकोटला (फायबरवरच्या चकचकीत रंगीत थराला) केसासारख्या भेगा दिसल्या, तर पुढे जायला हवं.

खात्रीसाठी आतल्या बाजूने ५ मिमीच्या ड्रिलने फक्त आतला थर आणि लाकूड भेदा. ड्रिलवर टेप गुंडाळून खोलीची खूण करा, म्हणजे बाहेरचा थर फुटणार नाही. निघणारा भुसा फिकट आणि कोरडा असेल तर लाकूड शाबूत आहे. काळपट, ओला आणि आंबूस वासाचा असेल तर नाही. तळाशी, नळीच्या जवळ, बोल्टच्या खाली आणि दोन्ही कोपऱ्यांत, अशी सहा-आठ भोकं पुरेत. याच भोकांतून आतल्या थराची जाडी आणि लाकडाची जाडी मोजून लिहून ठेवा. कापताना हे आकडे लागतील.

ट्रान्समला टेकलेल्या लांब आधारपट्ट्यांत आणि फळीखाली लाकूड असेल तर तिथेही भोक पाडून बघा. पाणी सगळ्यात खालच्या जागी साचतं, त्यामुळे ट्रान्सम कुजला असेल तर आधारपट्ट्यांची मागची टोकं बहुधा कुजलेली असतात. टोकं सोडून नुसता ट्रान्सम बदलला तर काम अर्धवट राहतं, कारण इंजिनाचा जोर त्याच पट्ट्यांतून तळात जातो.

आतून की बाहेरून

ट्रान्सम तीन वाटांनी बदलता येतो. बाहेरचा थर कापून, आतला थर कापून, किंवा वरून लाकूड पोखरून काढून त्या पोकळीत ओतायचं मिश्रण भरून. तिसऱ्या वाटेचं तयार मिश्रण आपल्याकडे सहज मिळत नाही, आणि वरून पोखरताना तळाच्या कोपऱ्यातलं कुजलेलं लाकूड निघालं की नाही हे दिसत नाही. बाहेरून कापलं तर जागा मोकळी मिळते, पण शेवटी बाहेरचा थर, जेलकोट आणि आकार सगळं परत उभं करावं लागतं. मोटारवेल (इंजिनापुढचा बंदिस्त खळगा) किंवा डेकमुळे आतून हातच पोचत नसेल तरच ती वाट घ्यावी. उघड्या बोटीत आतूनच काम करा. बाहेरचा थर जागेवर राहतो, तोच नव्या लाकडाचा साचा होतो, आणि बोटीचा मागचा आकार बिघडत नाही.

हंगाम

बडोद्यात हे काम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतच घ्यावं. पावसाळ्यात लाकूडही सुकत नाही आणि इपॉक्सीवर (रेझिन आणि हार्डनर मिसळून घट्ट होणाऱ्या चिकट मिश्रणावर) दमट हवेने तेलकट थर येतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला गेला की मिश्रण कपातच तापून घट्ट होतं. तापमान १० अंशांनी वाढलं की हातात असलेला वेळ साधारण निम्मा होतो. हिवाळ्यात उलट अडचण असते: रात्री पारा १२-१४ वर उतरला की इपॉक्सी दुसऱ्या दिवशीपर्यंत मऊच राहू शकते. म्हणून सकाळी दहापासून काम सुरू करा आणि रात्री ताडपत्रीच्या आत १०० वॉटचे दोन पिवळे बल्ब लावून ऊब ठेवा, ताडपत्रीला टेकू न देता. दवापासून झाकणं तर हवंच. उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीचे, दोन दिवस हिशोबात धरू नका. दुकानंही बंद आणि मदतीला हातही नाही.

जागा उघडी हवी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये फायबर घासू नका. ती धूळ शेजाऱ्यांच्या कपड्यांवर, पाण्याच्या टाकीवर आणि मुलांच्या डोळ्यांत जाते. शेत, फार्महाउस किंवा ओळखीच्या शेडचं मागचं अंगण बरं.

काय आणि किती

हिशोब एका १४ फुटी बोटीचा धरू: ट्रान्सम साडेचार फूट रुंद, मध्यभागी २० इंच उंच, इंजिन २५ हॉर्सपॉवर. क्षेत्रफळ सुमारे ०.७ चौरस मीटर.

प्लाय १८ मिमीचा, आयएस ७१० छाप असलेला मरीन, ८ बाय ४ फुटांची एक शीट. दोन थर मिळून ३६ मिमी. जुनं लाकूड किती जाडीचं होतं ते शाबूत जागी मोजा आणि तेवढीच जाडी ठेवा, नाहीतर इंजिनाचा ब्रॅकेट बसणार नाही. दुकानात "वॉटरप्रूफ" एवढंच सांगून आयएस ३०३ चा प्लाय गळ्यात मारतात. तो स्वयंपाकघराच्या कपाटाला ठीक आहे, इथे नको. आयएस ७१० च्या चाचणीत तुकडा ७२ तास उकळून बघतात. शीट घेताना छापाबरोबरचा परवाना क्रमांक बघा आणि चारही कडा बघा. थरांमध्ये पोकळ्या दिसल्या तर ती शीट परत करा, कारण पोकळी म्हणजे पाण्याची टाकी. तुकडा घरी आणून अर्धा तास उकळा. थर सुटले तर छाप खोटा आहे.

इपॉक्सी एकूण १० किलो. फोड अशी: बाहेरच्या थराला लाकूड चिकटवायला साधारण २ किलो, दोन प्लाय एकमेकांना चिकटवायला पाऊण किलो, लाकडाच्या सगळ्या बाजूंना दोन हात मारायला पाऊण ते एक किलो, आतलं फायबर भिजवायला साडेतीन किलो, कोपरे आणि भोकं भरायला पाऊण किलो, उरलेलं वाया जातं. आपल्याकडे सहज मिळणारी एलवाय ५५६ (रेझिन) आणि एचवाय ९५१ (हार्डनर) ही जोडी वजनात १०० ला १० अशी मिसळतात. ती चालते, पण रेझिन दाट असते आणि फायबर भिजवायला हात दुखतात. पातळ, लॅमिनेशनसाठीची इपॉक्सी मिळाली तर तीच घ्या. ज्या कंपनीची घ्याल तिच्या डब्यावरचं प्रमाणच खरं, आणि मोजायला ग्रॅमचा डिजिटल काटा. अंदाजाने हार्डनर जास्त टाकल्याने इपॉक्सी लवकर सुकत नाही, ती कायमची चिकट राहते.

फायबरचं कापड: चौरस मीटरला ६०० ग्रॅमचं बायअॅक्सियल (दोन दिशांना धागे असलेलं), साडेतीन ते चार किलो. ते न मिळाल्यास त्याच वजनाचं वोव्हन रोव्हिंग (जाड धाग्यांचं विणलेलं कापड). साधी चॉप्ड मॅट (धाग्यांचे तुकडे गोंदाने जोडलेली) इपॉक्सीसोबत वापरू नका. मॅटचे धागे धरून ठेवणारा गोंद पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीने नाही; मॅट कडक राहते आणि कोपऱ्यात वळत नाही.

शिवाय एरोसिल (इपॉक्सी घट्ट करायची हलकी पावडर) एक किलोच्या आसपास, बारीक कापलेले काचेचे धागे अर्धा किलो, अॅसिटोन ३ लिटर, खाचांचा पत्रा, फायबरवरची हवा काढायचा लोखंडी खाचदार रोलर, स्वस्त ब्रश डझनभर, ४ इंची ग्राइंडर, त्याला डायमंड ब्लेड आणि ३६ नंबरचे फ्लॅप डिस्क दहा, पटाशी, शिकंजे, ४० मिमीचे लोखंडी अँगल दोन. मकरपुरा जीआयडीसीत फायबरच्या टाक्या आणि डक्ट बनवणाऱ्यांकडे चौकशी केली तर कापड किलोवर मिळण्याची ठिकाणं कळतात.

नाकाला सेंद्रिय वाफांसाठीचे काडतूस असलेला मास्क, त्यावर धुळीचा फिल्टर. कापडी मास्क किंवा एन ९५ वाफ अडवत नाही. डोळ्यांना बंद गॉगल, हातात नायट्राइलचे मोजे, पूर्ण बाह्या.

पॉलिएस्टर रेझिनने हेच काम करता येतं, स्वस्तही पडतं. मग आयसो रेझिन घ्या आणि ४५० ग्रॅमची मॅट आणि रोव्हिंग एकाआड एक. मॅटला तिच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट रेझिन लागतं, रोव्हिंगला जवळपास तेवढंच. पण लाकडाला ते इपॉक्सीइतकं धरत नाही, आणि ट्रान्सममध्ये सगळा खेळ त्या पकडीचा आहे. एक गोष्ट जिवावर बेतणारी: कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालायचा द्रव) आणि एमईकेपी हार्डनर कधीही थेट एकमेकांत मिसळू नका. ते पेट घेऊन उडतात. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, त्यानंतर वजनाच्या १ ते २ टक्के हार्डनर. हार्डनर डोळ्यात गेलं तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरा आणि तसेच दवाखान्यात जा. इपॉक्सीवर पॉलिएस्टर धरत नाही. इपॉक्सी घेतली तर शेवटपर्यंत इपॉक्सीच.

बोट टेकवणं आणि मापं घेणं

इंजिन, पेट्रोलची टाकी आणि बॅटरी काढून लांब ठेवा. ग्राइंडरच्या ठिणग्या आणि पेट्रोलची वाफ एका जागी नकोत. बोट पाणसळीने सरळ करा आणि तळाला मधल्या रेषेत आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांखाली टेकू द्या. लाकूड काढलं की बाहेरचा थर पत्र्यासारखा लवचिक होतो. तो त्या अवस्थेत वाकला तर नवं लाकूड त्याला तशाच वाकड्या आकारात कायमचं पकडतं. म्हणून कापण्याआधीच बाहेरून दोन लोखंडी अँगल आडवे लावून शिकंज्याने आणि जुन्या बोल्टच्या भोकांतून बोल्ट घालून घट्ट करा.

आता तीन मापं लिहून ठेवा: ट्रान्समची मध्यरेषा, मध्यभागी कडेपासून तळापर्यंतची उंची, आणि तळाशी होणारा कोन. उंची इंजिनाच्या पायाशी जुळलेली असते. आखूड पाय १५ इंची, लांब पाय २० इंची. पाऊण इंच उंची वाढली तरी पंखा हवा ओढायला लागतो. बोल्टच्या भोकांचा नमुना पुठ्ठ्यावर उतरवा.

कापणं आणि पोखरणं

आधी सगळा आतला भाग साबणाने, मग अॅसिटोनने पुसून तेल-डिझेल काढा. आधी घासलं आणि नंतर पुसलं, तर ग्राइंडर ते तेल फायबरच्या खरवडलेल्या अंगात चोळून बसवतो आणि तिथे काहीच चिकटत नाही.

आतल्या थरावर, कडेपासून ५० मिमी आत, चौफेर रेषा आखा. ही ५० मिमीची पट्टी बोटीच्या अंगाला तशीच राहू द्यायची. नवा थर तिच्यावर चढणार आहे. डायमंड ब्लेडने फक्त आतल्या थराच्या जाडीएवढं कापा. थर ४ मिमीचा असेल तर ब्लेड ५ मिमीपेक्षा खोल जाता कामा नये. मधला तुकडा पटाशीने उचकटा. कुजलेल्या जागी तो हातानेच निघतो.

कुजलेलं लाकूड खरवडून निघेल. खरा घाम शाबूत लाकडावर गाळावा लागतो, कारण ते बाहेरच्या थराला अजून घट्ट धरून असतं. गोल करवतीची खोली लाकडाच्या जाडीपेक्षा ३ मिमी कमी ठेवा आणि ५० मिमीच्या चौकटी पाडा. मग पटाशी बाहेरच्या थराला समांतर धरून एकेक चौकोन उडवा. पटाशी कधीही त्या थराच्या दिशेने रोखू नका. अर्ध्या ठोक्यात ती आरपार जाते. शिल्लक ३ मिमी ग्राइंडरने घासून काढा. चौफेर ठेवलेल्या ५० मिमीच्या पट्टीखाली अडकलेलं लाकूड उलट्या पटाशीने ओढून काढावं लागतं. तिथे हात आखडू नका. "एवढा कोपरा शाबूत वाटतो" म्हणून ठेवलेला तुकडाच बहुधा पुढच्या कुजण्याचं बी असतो.

३६ नंबरच्या डिस्कने बाहेरचा थर आतून घासा, तपकिरी डाग पूर्ण जाऊन काच पांढरट-हिरवी दिसेपर्यंत. चौफेरच्या पट्टीला उतार द्या: जाडीच्या १२ पट लांब, म्हणजे ४ मिमीच्या थराला ४८-५० मिमी. हा उतार आखूड ठेवला तर जोर एका रेषेत एकवटतो आणि जोड तिथेच फाटतो. दोन्ही बाजूंच्या भिंती आणि तळ आतून २०० मिमीपर्यंत खरवडा. धूळ व्हॅक्यूमने ओढा, अॅसिटोनने पुसा, आणि दोन-तीन दिवस उन्हात उघडं ठेवा. अंग खाजायला लागलं तर आधी थंड पाण्याने धुवा. गरम पाणी नको.

बाहेरचा थर ४ मिमीपेक्षा पातळ निघाला तर आताच त्यावर आतून ६०० ग्रॅमचे दोन थर चढवा. जुन्या स्क्रूची भोकंही बाहेरून टेप लावून आतून बंद करा. बोल्टची भोकं मात्र उघडी ठेवा, प्लाय दाबताना लागतील.

प्लाय

पुठ्ठ्याचा नमुना करून बसवून बघा, मग प्लायवर उतरवा. चारही कडांना ५ मिमी मोकळी जागा ठेवा. लाकडाची टोकदार कड थेट बोटीच्या तळाला टेकली तर बाहेरून तिथे भेग उमटते. ती जागा नंतर घट्ट इपॉक्सीने भरायची. कडा ट्रान्सम-तळाच्या कोनाप्रमाणे तिरक्या कापा.

ट्रान्सम सपाट असेल तर १८ मिमीचे दोन थर. बाहेरून किंचित फुगीर असेल तर १८ मिमी वाकणार नाही. मग १२ मिमीचे तीन थर, एकेक वाकवून चिकटवत. एका शीटमधून दोनच अखंड तुकडे निघतात, तिसरा उरलेल्या भागातून दोन तुकड्यांत काढा, त्याला मधल्या थरात ठेवा, आणि त्याचा जोड मध्यरेषेपासून किमान ८ इंच बाजूला येऊ द्या, म्हणजे इंजिनाच्या ब्रॅकेटखाली जोड राहणार नाही.

दोन्ही तुकड्यांचे चिकटायचे चेहरे ८० नंबरच्या पेपरने घासा. आधी पातळ इपॉक्सीचा एक हात मारा, तो लाकडात मुरू द्या, आणि मग एरोसिल घालून घट्ट केलेली इपॉक्सी खाचांच्या पत्र्याने पसरा. पातळ हात न मारता थेट घट्ट लावली, तर लाकूड त्यातलं पाणचट अंग शोषून घेतं आणि सांधा कोरडा राहतो. शिकंजे कडांतून थेंब बाहेर येईपर्यंतच आवळा. आणखी आवळलं तर चिकटवण्यासारखं आत काही उरत नाही.

सुकल्यावर सगळ्या बाजूंना, विशेषतः कडांना, दोन हात. हे दुपारी तीननंतर करा. तापमान उतरणीला असतं तेव्हा लाकडातली हवा आखडते आणि इपॉक्सी आत ओढली जाते. सकाळी मारलं तर तापणाऱ्या लाकडातून हवा बाहेर पडते आणि पृष्ठभागावर बुडबुडे उठतात.

बसवणं

आधी कोरडं बसवून बघा, बोल्टसकट. सगळं जुळलं की प्लायमध्ये दर १५० मिमीवर ५ मिमीची भोकं पाडा. दाबताना अडकलेली हवा आणि जादा माल यांतून बाहेर येईल. भोकांतून माल येतोय हीच आत पोकळी नसल्याची खूण.

एका वेळी ३००-४०० ग्रॅमपेक्षा जास्त मिश्रण करू नका आणि ते खोल डब्यात ठेवू नका. पसरट ट्रेमध्ये ओता. खोल डब्यात ते स्वतःच्या उष्णतेने तापतं, धूर सोडतं आणि पाच मिनिटांत दगड होतं. या टप्प्याला दोन माणसं हवीत: एक मिसळणारा, एक लावणारा.

बाहेरच्या थरावर आणि प्लायवर पातळ हात मारून घ्या. मग एरोसिल आणि काचेचे धागे घातलेली, पत्र्यावरून न ओघळणारी इपॉक्सी ६ मिमी खाचांच्या पत्र्याने थरावर पसरा. तळाच्या कोपऱ्यात जास्त भरा. प्लाय आधी तळाला टेकवून वर उभा करा. बोल्टना आणि अँगलना पॅकिंगचा खाकी टेप गुंडाळलेला असू द्या, नाहीतर तेही कायमचे चिकटतील. मधले बोल्ट आधी, मग बाहेरचे, थोडे थोडे आळीपाळीने आवळा. मध्यरेषा, उंची आणि कोन परत मोजा. बाहेरून सरळ पट्टी लावून बघा. बाक आला असेल तर आत्ताच सुधारता येईल.

बाहेर आलेला माल वाया घालवू नका. तोच घेऊन प्लाय आणि बोटीच्या कोपऱ्यात २५ मिमी त्रिज्येची गोलाई भरा, आयस्क्रीमच्या काडीने किंवा गोल कापलेल्या प्लॅस्टिकने. काचेचं कापड काटकोनात बसत नाही, उचललं जातं आणि खाली हवा राहते. ही गोलाई त्यासाठीच असते.

आतलं फायबर

गोलाई अजून नखाने खूण पडेल एवढी मऊ असताना कापड चढवलं तर पकड रासायनिक मिळते आणि घासावं लागत नाही. दुसऱ्या दिवसावर गेलं तर आधी साध्या पाण्याने आणि घासणीने पृष्ठभाग धुवा; इपॉक्सीवरचा तेलकट थर पाण्यात विरघळतो, अॅसिटोनने फक्त पसरतो. त्यानंतर ८० नंबरने घासा.

चार थर द्या. पहिला थर ट्रान्समवरून तळ आणि बाजूंवर १०० मिमी उतरवा, दुसरा १५०, तिसरा २००. चौथा फक्त ट्रान्समच्या चेहऱ्यावर, गोलाईपर्यंत. कडा एकाच रेषेत संपू देऊ नका. प्रत्येक थर पारदर्शक होईपर्यंत भिजवा, पण कापड तरंगू नये. कापडाचं वजन आणि इपॉक्सीचं वजन सारखं धरा. रोलर मधून कडेकडे फिरवा. पांढरा ठिपका राहिला तर तिथे कापड कोरडं आहे.

आधारपट्ट्यांची कापलेली टोकं नव्या लाकडाने भरून त्यांच्यावरही दोन थर चढवा आणि ते ट्रान्समवर १५० मिमी वर न्या. शीटच्या उरलेल्या तुकड्यातून दोन त्रिकोणी गुडघे कापून ट्रान्सम आणि तळ यांच्यात इंजिनाच्या दोन्ही बाजूंना बसवा. मूळ बोटीत नसले तरी बसवा. इंजिन पुढे ढकलतं तेव्हा ब्रॅकेटचा खालचा भाग ट्रान्सममध्ये रुततो आणि वरचे बोल्ट मागे ओढले जातात. गुडघे हा पीळ तळात उतरवतात.

वरच्या कडेवरही दोन थर गुंडाळून बाहेरच्या थरावर ५० मिमी उतरवा. अॅल्युमिनियमची पट्टी लावायचीच असेल तर ती स्क्रू न मारता चिकटवा.

भोकं

या पायरीत घाई केली तर आधीच्या सगळ्या कष्टांवर पाणी पडतं, आणि ते शब्दशः. १२ मिमीच्या बोल्टसाठी आधी २० मिमीचं भोक पाडा. बाहेरून टेप लावा, आतून काचेचे धागे घातलेली घट्ट इपॉक्सी भरा, पूर्ण सुकू द्या, आणि तिच्या मधोमध १२.५ मिमीचं भोक पाडा. आता बोल्टचा आणि लाकडाचा संबंध उरला नाही. सील गेलं तरी पाणी इपॉक्सीच्या नळीतून आरपार जाईल, लाकडात नाही. पाणी काढायच्या नळीलाही हेच: नळीच्या व्यासापेक्षा १० मिमी मोठं भोक, भरणं, परत पाडणं. कडी, शिडी, दिव्याची तार, प्रत्येक स्क्रू याच रीतीने. नुसत्या खुणेसाठी मारलेला बारीक खिळा सुद्धा.

रंग आणि इंजिन

इपॉक्सी उन्हाने पिवळी पडते आणि भुसभुशीत होते, म्हणून आतून दोन-भागी पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचे दोन हात हवेतच. आधी धुणं आणि १२० नंबरने घासणं विसरू नका.

शेवटच्या थरानंतर किमान ७ दिवस इंजिन लावू नका, थंडी असेल तर १० दिवस. हाताला टणक लागली तरी इपॉक्सीची पूर्ण ताकद तेवढ्या दिवसांनीच येते. बोल्ट स्टेनलेस ३१६ चे, आतल्या बाजूला मोठे वॉशर किंवा ५ मिमीची अॅल्युमिनियम पट्टी. भोकात आणि वॉशरखाली पॉलियुरेथेन सीलंट भरा. आंबट वासाचं सिलिकॉन नको. बोल्ट आधी सीलंट बाहेर येईपर्यंत आवळा, दुसऱ्या दिवशी ते रबरासारखं झालं की नट शेवटचा अर्धा फेरा. फिरवायचा तो नट, बोल्ट नाही. बोल्ट फिरवला तर सीलंट फाटतं.

हवा ओढू नये म्हणून पंख्यावर असलेली आडवी पाटी बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा जरा खाली आली पाहिजे. पाण्यात नेण्याआधी इंजिनाचा पाय धरून पुन्हा उचलून-सोडून बघा आणि सगळा ट्रान्सम ठोकून ऐका. पहिला अर्धा तास अर्ध्या थ्रॉटलवर चालवा. परत आल्यावर गुडघ्यांच्या मुळाशी आणि गोलाईवर टॉर्च मारून पांढरी रेष उमटली आहे का ते तपासा. उमटली असेल तर तिथे कापडाखाली हवा राहिली आहे; ती जागा घासून दोन थर परत द्या. पाचेक तास चालवल्यावर नट एकदा पुन्हा आवळा.

बोट उभी करताना नाक वर, मागची बाजू खाली, बूच काढलेलं. ताडपत्री घालाल तर मागून हात जाईल एवढी फट हवा खेळायला ठेवा, आणि दर वर्षी ज्येष्ठात, पावसाच्या आधी, बोल्टभोवतीचं सीलंट नखाने दाबून बघा. कड सुटलेली दिसली तर तो एक बोल्ट काढून नव्याने भरायला तासभर पुरतो.